मुलाखत कोणाची?

सिस्टरांना 'नाही' म्हणता येत नाही, ही गोष्ट त्यांच्या सासूबाईंपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती आणि सगळ्यांच्या सोयीची होती. त्यामुळे हा स्वभाव बदलायला हवा असं कोणाच्या कधी मनातही आलं नव्हतं. पण तुरुंगाच्या दवाखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि ज्यांनी ज्यांनी इतकी वर्षं त्या स्वभावावर दिवस काढले होते, त्या सगळ्यांना एकदम त्याची काळजी वाटायला लागली.

'सिस्टर' हे काही त्यांचं नाव नव्हे. नाव चांगलं चार अक्षरी होतं, पण प्रसूतिगृहात नोकरीला लागल्यापासून ते कपाटातल्या कागदपत्रांतच राहिलं. इमारतीत तर ते कोणाला माहीतच नव्हतं. सासूबाईसुद्धा "आमच्या सिस्टर अजून आल्या नाहीत" असंच म्हणत. लग्नाच्या वाढदिवसाला केकवर बायकोचं काय नाव घालू, असं बेकरीवाल्याने विचारलं तेव्हा नवऱ्याच्या तोंडूनही सवयीने 'सिस्टर' निघून गेलं. बेकरीवाल्याने ते जसंच्या तसं घातलं, आणि पुढे बरेच दिवस तो या गृहस्थाकडे संशयाने बघत असे.

आता तुरुंगच का, तर प्रसूतिगृह बंद होणार होतं. डॉक्टरीणबाई थकल्या होत्या, त्यांच्या मुलाला यात रस नव्हता, आणि त्या जागेत सोफासेटचं दुकान यायचं ठरलं होतं. सिस्टरांनी बाकी ठिकाणी चौकशी केली तर सगळीकडे त्यांच्यापेक्षा निम्म्या वयाच्या मुली हव्या होत्या. तुरुंगातली जागा मात्र कायमची होती, सरकारी होती, आणि वयाच्या अटीत सिस्टर जेमतेम बसत होत्या. पुढच्या वर्षी तशाही बसणार नव्हत्या. म्हणजे ही संधी हुकली, की घरी बसून इमारतीचे रक्तदाब फुकटात मोजत राहणं एवढंच उरलं होतं. सिस्टरांना काम हवं होतं. कामाशिवाय आपण कोण, हा प्रश्न त्यांना आरशासमोर पडायला लागला होता आणि त्याचं उत्तर काही बरं येत नव्हतं.

पहिली माशी शिंकली ती नावावरून. नर्सिंगची सगळी सर्टिफिकेटं माहेरच्या नावाची आणि ओळखपत्र सासरच्या नावाचं. दोन्ही नावांची बाई एकच आहे, हे सिद्ध करायला सिस्टर तीन खिडक्या फिरल्या. पहिल्या खिडकीने सांगितलं, लग्नाचा दाखला आणा. दुसरीने सांगितलं, दाखल्यावर नवऱ्याच्या नावात वेलांटी चुकली आहे, तेव्हा तुमचं लग्न वेगळ्याच माणसाशी झालेलं दिसतं. हे ऐकून नवऱ्याचा चेहरा क्षणभर उजळला असं सिस्टरांना वाटलं, पण तो नंतर ते मान्य करेना. तिसऱ्या खिडकीतल्या बाईंनी मात्र शांतपणे तोडगा काढला: अर्ज, बोलावणं, सगळं माहेरच्या नावाने चालू द्या, नोकरी लागली तर बघू.

मग आली पोलीस पडताळणी. हवालदार आला तेव्हा सिस्टर ड्यूटीवर होत्या आणि घरात सासूबाई एकट्या. दारात खाकी कपडे बघून सासूबाई जराही घाबरल्या नाहीत. त्यांना गप्पांना माणूस हवाच होता.

"सूनबाई आहेत का?" हवालदाराने विचारलं.

"नाहीत. त्या आता तुरुंगात जाणार आहेत," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

"कधी?"

"बोलावणं आलंय. पुढच्या आठवड्यात."

हवालदाराने हातातला कागद उलटसुलट करून पाहिला. "त्यांच्यावर आधीचा काही गुन्हा वगैरे?"

"छे हो! पहिलीच वेळ आहे त्यांची. म्हणून तर धाकधूक आहे सगळ्यांना."

हे संभाषण जिन्यात उभ्या असलेल्यांनी ऐकलं. संध्याकाळी सिस्टर घरी आल्या तोवर समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई दोनदा डोळे पुसून गेल्या होत्या, आणि वरच्या मजल्यावरच्यांनी एका वकिलाचा नंबर चिठ्ठीवर लिहून दाराच्या फटीतून सरकवला होता. सिस्टरांनी प्रत्येकाच्या घरी जाऊन खुलासा केला. लोकांनी तो ऐकून घेतला, पण त्यात त्यांना पहिल्याइतकी गोडी वाटली नाही.

खरी तयारी सुरू झाली ती तळमजल्यावरचे सल्लागार घरात शिरले तेव्हापासून. सल्लागार हे त्यांचं टोपणनाव. ते एका मोठ्या कचेरीतून निवृत्त झाले होते आणि तिथे मुलाखती घ्यायचे, असं ते सांगत. ते उमेदवारांना चहा नेऊन द्यायच्या खात्यात होते असं इतर लोक सांगत. काहीही असो, मुलाखतीच्या खोलीत त्यांचं येणं-जाणं होतं हे नक्की.

"सिस्टर, तुमच्यात सगळं आहे," त्यांनी खुर्चीत बसून निकाल दिला, "फक्त तुरुंगपणा नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही फार गोड बोलता. तिथं कैदी काय करतात, आधी नातं जोडतात. ताई म्हणतील, माई म्हणतील. मग म्हणतील गोळी द्या, मग म्हणतील एवढा निरोप बाहेर पोचवा. तुम्ही विरघळलात की संपलं! म्हणून दोनच गोष्टी लक्षात ठेवा. प्रश्न आपण विचारायचे, आणि नाही म्हणायचं. म्हणून दाखवा बघू, नाही."

"नाही हो, म्हणजे... बघते मी," सिस्टर म्हणाल्या.

सल्लागारांनी कपाळावर हात मारला. तो मारण्यातही अधिकार होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरावाची बैठक ठरली. इमारतीतल्या मंडळींनी एकेक करून कैदी व्हायचं, काहीतरी मागायचं, आणि सिस्टरांनी नाही म्हणायचं. सिस्टर टेबलामागे बसल्या. पहिले कैदी वरच्या मजल्यावरचे काका. त्यांनी कैदी म्हणून रक्तदाब बघून मागितला. सिस्टर 'नाही' म्हणायला तोंड उघडत होत्या, पण काकांचा चेहरा खरोखरच लालसर दिसला, म्हणून त्यांनी बघितला, आणि तो खरोखरच वाढलेला निघाला. मग हे बरं आहे म्हणून सगळेच कैदी व्हायला पुढे आले. कोणी कान दाखवला, कोणी जुनी प्रिस्क्रिप्शन. समोरच्या बाईंनी कैदी म्हणून आठवडाभर घराची किल्ली ठेवून घ्यायला लावली. शेवटी सासूबाई आल्या. त्यांना साखर वर्ज्य होती. त्यांनी कैदी म्हणून चमचाभर साखर घातलेला चहा मागितला, आणि इतक्या लोकांसमोर सासूला नाही कसं म्हणायचं म्हणून सिस्टरांनी तो करून दिला. सराव संपला तेव्हा रांग जिन्यापर्यंत गेली होती आणि सिस्टर एकदाही नाही म्हणाल्या नव्हत्या.

"तुझं काही खरं नाही," नवरा हसत म्हणाला. "पण तू नाही म्हणणारी असतीस तर माझं तरी कुठं लग्न झालं असतं!"

सिस्टर हसल्या नाहीत. त्या रात्री भांडी आवरताना त्या मांडणीकडे बघून हळूच "नाही, नाही" म्हणत राहिल्या. मांडणीतल्या डब्यांना त्या सहज नकार देऊ शकत होत्या. पण डबे कुठे काय मागत होते!

जाता जाता सल्लागारांनी शेवटचा मंत्र दिला होता. "आणि एक लक्षात ठेवा. हल्ली मुलाखतीत नुसते प्रश्न विचारत नाहीत. प्रात्यक्षिक घेतात. न सांगता एखादा खोटा पेशंट समोर आणून बसवतात आणि आडून बघत राहतात. तेव्हा गाफील राहू नका." हा मंत्र त्यांनी दिला नसता तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

मुलाखतीच्या दिवशी सिस्टर आणि त्यांचा नवरा वेळेच्या कितीतरी आधी तुरुंगाच्या दरवाजाशी पोचले. दरवाजा उंच होता आणि त्यात माणसापुरतं एक छोटं दार होतं. बाजूच्या खिडकीत पहारेकरी बसला होता. त्याने मान वर न करता विचारलं, "कोण आपण?"

"सिस्टर."

"मुलाखतीला?"

"हो."

"आडनाव?"

सिस्टरांनी बोलावण्यावर होतं ते माहेरचं आडनाव सांगितलं. पहारेकऱ्याचं बोट समोरच्या यादीवरून खाली खाली गेलं आणि एका जागी थांबलं. मग त्याने ओळखपत्र मागितलं, त्यावरचं सासरचं नाव वाचलं, समजल्यासारखी मान हलवली आणि सिस्टरांकडे पहिल्यांदाच नीट, जरा मायेने पाहिलं.

"बऱ्याच दिवसांत कोणी आलंच नव्हतं," तो म्हणाला.

जागा बरेच दिवस रिकामी आहे हे सिस्टरांनी ऐकलं होतं. "आम्हाला तरी कुठं माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पेपरात आलं तेव्हा कळलं."

"हो, पेपरात आलं होतं खरं," पहारेकरी आवाज खाली आणून म्हणाला. "पहिल्या पानावर."

सरकारी जाहिरात पहिल्या पानावर कधी आली, याचं सिस्टरांना नवल वाटलं. पण मनात दुसरीच भीती होती. "किती जण आहेत हो आत?"

"आत? हजाराच्या वर."

सिस्टरांनी मनातल्या मनात हजार उमेदवार रांगेत उभे केले. "आणि जागा?"

"जागेचं काय विचारता ताई! जागा कुठं पुरतेय. दाटीवाटीनं निभावतात बिचारे." मग त्याचं लक्ष मागे फाइल घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याकडे गेलं. "हे कोण, मेहुणे का?"

"कोणाचे मेहुणे?" नवरा ताठ झाला. तो विमा कचेरीत हेडक्लार्क होता आणि असल्या भाषेची त्याला सवय नव्हती.

"साहेब, लाजायचं काय त्यात? इथं दारात उभा असलेला प्रत्येक जण कोणाचा ना कोणाचा मेहुणा असतोच. तुम्ही बाहेर थांबा. आज एकालाच सोडणार. आणि ती फाइलही बाहेरच. कागद आत न्यायचे नाहीत."

फाइलमध्ये सिस्टरांचं सगळं आयुष्य होतं. सर्टिफिकेटांशिवाय मुलाखत कसली, असं त्यांना विचारायचं होतं. पण पहारेकरी इतक्या आपुलकीने बोलत होता, की त्यांना काही म्हणवेना. फोन काढून घेतला, पर्स काढून घेतली, एका महिला शिपायाने झडती घेतली. सिस्टरांना हे सगळं तुरुंगाला शोभेसं वाटलं. एका लांब बोळाच्या टोकाला दारावर पाटी होती: मुलाखत कक्ष. पाटी वाचून तर त्यांची खात्रीच पटली.

आत बाकांवर पुष्कळ मंडळी बसली होती. त्यात पुरुष होते, कडेवर मूल घेतलेल्या बायका होत्या, आणि सिस्टरांच्या शेजारी तर सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. वयाची अट आपल्यालाच एवढी काटेकोर का लावली, असं सिस्टरांच्या मनात आलं.

"तुम्हीही मुलाखतीलाच?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"तर! दर महिन्याला येते," आजी म्हणाल्या.

"दर महिन्याला? आणि अजून झालं नाही काम?"

"कसलं होतंय बाई. दर वेळी पुढची तारीख देतात. पण हातपाय चालताहेत तोवर यायचं. आशा सोडून कसं चालेल?"

सिस्टरांना आजींविषयी फार आदर वाटला. आपण एका मुलाखतीला एवढं घाबरतो आणि ही बाई या वयात महिन्यामागून महिने मुलाखती देतेय! त्यांनी मनोमन ठरवलं, आज माघार घ्यायची नाही.

तेवढ्यात त्यांच्या आडनावाचा पुकारा झाला. शिपायाने त्यांना एका काचेसमोरच्या स्टुलावर बसवलं. काचेच्या अलीकडे एक टेलिफोनचा रिसीव्हर टांगलेला होता, पलीकडे दुसरा. साहेबलोक कुठे दिसत नव्हते. सिस्टरांना सल्लागारांचे शब्द आठवले. प्रात्यक्षिक! आडून बघत असणार. त्यांनी पाठ ताठ केली.

पलीकडच्या दारातून एक पन्नाशीचा माणूस जवळजवळ धावतच आला. केस ओले करून नीट बसवले होते, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावली होती. काचेशी येऊन तो थबकला, सिस्टरांकडे बघत राहिला आणि मग हळूच रिसीव्हर उचलून म्हणाला, "तुम्ही कोण?"

"प्रश्न मी विचारणार," सिस्टर म्हणाल्या. सुरुवात तर छान जमली होती. "काय होतंय तुम्हाला?"

"मला? काही नाही."

"कधीपासून?"

माणूस विचारात पडला. "काही होत नाहीये, ते कधीपासून?"

"बोलण्यात गुंतवू नका. छातीत दुखतं? पोटात? चक्कर?"

"गुडघा दुखतो. पण तो काय, सगळ्यांचाच दुखतो." त्याने पुन्हा त्यांना निरखलं. "ताई, तुम्हाला माझ्या बहिणीनं पाठवलंय का?"

ताई! लागला नातं जोडायला, सिस्टरांनी ओळखलं. "मी कोणाची ताई नाही," त्या करारी आवाजात म्हणाल्या. "मी सिस्टर आहे."

"हो, मलाही तेच सांगितलं," तो माणूस म्हणाला. "सिस्टर आलीय, मुलाखतीला चल म्हणाले. म्हणून तर डोकं धुऊन आलो. पण माझी बहीण ठेंगणी आहे हो. तुम्ही नाही ती."

हे तो इतकं साधेपणाने म्हणाला, की खोट्या पेशंटला एवढं चांगलं शिकवलं कोणी, असं सिस्टरांना वाटलं. आडून बघणारे साहेब दिसतात का म्हणून त्यांनी शेजारी नजर टाकली. शेजारच्या काचेवर मघाच्या आजींनी तळहात टेकवला होता. पलीकडून एका तरुण माणसाने त्याच जागी आपला तळहात टेकवला होता, आणि दोघं एकाच वेळी बोलत होती. आजी काही मुलाखत देत नव्हत्या. आजी मुलाला भेटायला आल्या होत्या.

सिस्टरांच्या कानशिलांत गरम वाफ गेली. दारावरची पाटी, कैद्यांच्या यादीतलं आपलं माहेरचं आडनाव, पहारेकऱ्याची माया, पहिलं पान, मेहुणे, सगळं एकदम जागच्या जागी बसलं.

"ही मुलाखत कोणाची आहे?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"माझी," माणूस म्हणाला. "का? तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटलं, माझी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांना रडू येणार असं वाटत होतं, पण पलीकडचा माणूस आधी गालात, मग तोंडावर हात धरून आणि शेवटी डोळे पुसत हसायला लागला. त्याच्या मागचा शिपाई काळजीने पुढे आला, कारण या माणसाला हसताना त्याने कधी बघितलं नव्हतं. सिस्टरांनाही हसू फुटलं. चूक एवढी मोठी होती, की तिची लाज वाटायलाही थोडा वेळ लागणार होता.

आता उठून धावत सुटणं हाच शहाणपणा होता. कुठेतरी दुसऱ्या इमारतीत त्यांच्या नावाचा पुकारा होत असणार. त्या उठल्यासुद्धा.

"आलाच आहात तर बसा की जरा," तो म्हणाला. "माझा वेळ अजून शिल्लक आहे. कितीतरी दिवसांनी मुलाखत आलीय."

आणि सिस्टर बसल्या. आपलं नशीब आपल्याच हाताने बुडवतोय हे कळत असूनही बसल्या.

त्याने विचारलं, बाहेरच्या रस्त्याचं खोदकाम संपलं का? मी आत आलो तेव्हा सुरू होतं. सिस्टर म्हणाल्या, नाही, अजून चालूच आहे. त्यावर त्याला बरं वाटलं. आपल्यामागे जग फारसं पुढे गेलेलं नाही, एवढा त्याला दिलासा मिळाला. मग तो स्वतःहूनच सांगायला लागला. दुसऱ्यांच्या जमिनी आपल्या म्हणून विकल्या, लोक बुडाले. बहिणीला खरं काय ते माहीत होतं आणि तिने कोर्टात खरं सांगितलं. तेव्हा भर कोर्टात तो तिला नको ते बोलला होता.

"तिचं शिवणाचं दुकान आहे, बसडेपोच्या मागे," तो म्हणाला. "तेवढं तिला सांगाल? म्हणावं, माझा राग गेलाय. तिचं बरोबर होतं. एवढंच."

"बरं," सिस्टर म्हणाल्या. तोंडातून शब्द निघून गेल्यावर त्यांना कळलं, की कैद्याने बाहेर पोचवायला निरोप दिला आणि आपण घेतला. सल्लागारांनी नेमकं हेच सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, नोकरी लागायच्या आधीच, आपण विरघळलो.

घंटा झाली. सिस्टर बोळातून धावल्या, पर्स घेतली, बाहेर आल्या. नवऱ्याला खरी जागा एव्हाना सापडली होती. रस्त्यापलीकडच्या पिवळ्या इमारतीत तो फाइल छातीशी धरून दारातच उभा होता. "दोनदा पुकारलं तुला," तो कासावीस होऊन म्हणाला. "मी म्हटलं, बायको मुलाखतीला आत गेलीय. ते म्हणतात, मुलाखत तर इथं आहे, मग ती कोणाला भेटायला गेलीय? काय सांगणार होतो मी!"

शेवटचा उमेदवार बाहेर पडत होता. शिपायाने दया येऊन सिस्टरांना आत सोडलं.

टेबलामागे तिघं होती. मधोमध अधीक्षकबाई, एका बाजूला तुरुंगाचे डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला कचेरीतले एक गृहस्थ, ज्यांचा घड्याळाकडे बघण्याचाच व्यवसाय असावा. कामाचे प्रश्न डॉक्टरांनी विचारले आणि सिस्टरांनी त्यांची उत्तरं धडाधड दिली, कारण कामात त्या पक्क्या होत्या. मग कचेरीतल्या गृहस्थांनी ठेवणीतला प्रश्न काढला.

"समजा, एखादा बंदी म्हणाला, सिस्टर, माझा एवढा निरोप बाहेर पोचवा. तुम्ही काय कराल?"

"मी त्याला नम्रपणे पण ठामपणे..." सिस्टरांनी पाठ केलेलं सुरू केलं आणि त्या थांबल्या. पुढचं वाक्य तोंडावर होतं. ते म्हटलं असतं की काम झालं असतं. पण काचेपलीकडचा ओल्या केसांचा माणूस डोळ्यांपुढे आला आणि खोटं बोलवेना. "मघाशी एकाने दिला," त्या म्हणाल्या. "मी बरं म्हणाले."

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. सिस्टर, आडनाव, पहारेकरी, पहिलं पान, खोटा पेशंट. कचेरीतल्या गृहस्थांचे ओठ घट्ट मिटले होते. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. अधीक्षकबाई मात्र न हसता शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"म्हणजे नियम मोडलाच," गृहस्थ म्हणाले.

"कुठला नियम?" अधीक्षकबाईंनी विचारलं. "बंद्याने मुलाखतीत बाहेरच्या माणसाला निरोप दिला. मुलाखत असते कशासाठी? तेव्हा या आपल्या नोकरीत नव्हत्या. चूक असेल तर आपल्या दरवाजाची आहे, ती मी बघते." मग त्या सिस्टरांकडे वळल्या. "पण आता खरं सांगा. तुम्ही इथं लागलात, आणि तोच माणूस औषधाच्या रांगेत येऊन तेच म्हणाला. मग?"

इमारतीची रांग, सासूबाईंचा चहा, समोरच्यांची किल्ली, सगळं सिस्टरांना आठवलं. नोकरी जाणार हे त्यांनी मनाशी धरलं, आणि ते धरल्यावर त्यांना जरा मोकळं वाटलं.

"मला घरी नाही म्हणता येत नाही," त्या म्हणाल्या. "सगळे जण येऊन शिकवून गेले, तरी जमलं नाही. पण बाई, प्रसूतिगृहात मी दिवसभर दुसरं काही म्हणतच नाही. कळा येत असतात, ती पाणी मागते, मी नाही म्हणते. ती रडते, हात धरते, जोर लावू का विचारते, मी म्हणते आत्ता नाही. नवरा दारात गयावया करतो, त्याला नाही. त्याची आई मलाच शिव्या देते, तिलाही नाही. तेव्हा हो म्हणायची चैन परवडत नाही. हे मला कोणी कधी विचारलं नाही, म्हणून आठवलं नाही." त्या थांबल्या. "त्या माणसाला मी नाही म्हणेन. मला वाईट वाटेल. पण नाही म्हणेन."

अधीक्षकबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि जायला सांगितलं.

बाहेर आल्यावर नवऱ्याने विचारलं, कसं झालं? सिस्टर म्हणाल्या, एक बरी झाली आणि एक ठाऊक नाही. बसडेपोच्या मागे आपल्याला जायचंय.

शिवणाच्या दुकानात खरोखरच एक ठेंगणी बाई मशीनवर बसली होती. तोंडात टाचण्या होत्या. सिस्टरांनी निरोप सांगितला. बाईंनी एकेक करून टाचण्या काढून उशीत खोचल्या, बराच वेळ हातातलं कापड सरळ करत राहिल्या, आणि "कळलं" एवढंच म्हणाल्या. परत येताना नवरा म्हणाला, एवढ्यासाठी आपण दोन बस बदलून आलो! सिस्टरांनाही थोडं तसंच वाटलं.

महिन्याभराने पत्र आलं. सल्लागारांनी इमारतीत पेढीवाल्यासारखं बसून अभिनंदनं स्वीकारली. समोरच्या बाईंना, आता किल्ली कोणाकडे ठेवायची, ही खरी चिंता लागली.

पहिल्या दिवशी तुरुंगाच्या दवाखान्यात औषधाची रांग लागली तेव्हा सिस्टर टेबलामागे ताठ बसल्या होत्या. रांगेत पाचवा की सहावा तोच होता. केस तसेच ओले, बटणं गळ्यापर्यंत. सिस्टरांना बघून त्याचा चेहरा फुलला, पण तो काही बोलला नाही. पाळी आल्यावर टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "बहीण येऊन गेली."

"मग?" सिस्टरांना राहवलं नाही.

"मग काय! सबंध मुलाखतभर भांडली. मला एक शब्द बोलू दिला नाही. घंटा झाली तेव्हा म्हणाली, उरलेलं पुढच्या महिन्यात." त्याचं हसू आवरत नव्हतं. "तेव्हापासून डोकं धरलंय बघा माझं. दोन गोळ्या द्या."

सिस्टरांना इतका आनंद झाला, की त्याला गोळ्यांची सगळी बाटली देऊन टाकावीशी वाटली. त्यांनी त्याचे डोळे बघितले, नाडी बघितली, रक्तदाब बघितला. सगळं ठणठणीत होतं.

"तुमचं डोकं दुखत नाहीये," त्या म्हणाल्या.

"बरं, एक तरी?"

"नाही."

शब्द सहज निघाला. कोणालाच काही झालं नाही. रांग होती तशीच उभी राहिली. त्या माणसाने मात्र भुवया उंचावल्या.

"हे बरंय! त्या दिवशी काचेपलीकडून केवढा निरोप सांगितला, तर लगेच बरं म्हणालात. आणि आज एक गोळी नाही?"

"त्या दिवशी मी तुमची बहीण होते," सिस्टर म्हणाल्या. "आता सिस्टर आहे. चला, पुढचा!"